लेखिकेकडे उपलब्ध

कॉलेजच्या फाटकावर आपला हातभर मोठा हसरा चेहरा टांगलेला बघून फहमिदा मुकादमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पनवेलमध्ये फ्लेक्स कुणाचा लागत नाही? नगरसेवकाच्या भाच्याच्या वाढदिवसाचा लागतो, नव्या जिमचा लागतो, काठावर पास झालेल्या पोराचाही लागतो. पण विधी महाविद्यालयातल्या एका साध्या सहायक प्राध्यापिकेचा, आणि तोही तिने लिहिलेल्या लेखासाठी, हे अजबच होतं. वर ‘हार्दिक अभिनंदन’. त्याखाली ‘न्यायालयाच्या निकालपत्रात आमच्या प्राध्यापिकेच्या संशोधनाचा गौरवपूर्ण उल्लेख’. आणि सगळ्यात खाली, अवतरणचिन्हांत, तिचंच एक वाक्य इंग्रजीतून मराठीत उतरवलेलं: ‘मिठागरावर राबणारा माणूस जमिनीला नव्हे, मजुरीला बांधलेला असतो.’

वाक्य तिचंच होतं, पण मत तिचं नव्हतं. हे मत खोडून काढायलाच तर तिने तो लेख लिहायला घेतला होता.

कायद्याच्या अभ्यासकांना एक खोड असते. समोरच्याची बाजू आधी मांडायची, आणि ती अशी भक्कम मांडायची की खुद्द समोरच्यालाही तशी जमू नये. मग ती पाडायची. जुने शास्त्री याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणत. फहमिदा पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच घोकून घ्यायला लावायची. बुजगावण्याला मारून कुणी पैलवान होत नाही, असं तिचं ठरलेलं वाक्य होतं. आता कोर्टाने तिचा पूर्वपक्ष तेवढा उचलला होता आणि ‘या विषयाच्या अभ्यासक स्वतःच म्हणतात’ असं लिहून दावा फेटाळला होता.

दावा होता मालूचा आणि तिच्यासारख्या मिठागरावरच्या इतर घरांचा. उरणच्या वाटेवर खाडीकाठी त्यांची वस्ती आहे. तिथलं मिठागर एका प्रकल्पात गेलं. मोबदला गेला मालकाच्या घरात, आणि बांधावर पिढ्यान्‌पिढ्या राहून मीठ पिकवणाऱ्यांच्या हाती धुपाटणं. आम्ही मजूर नव्हतो, वाटेकरी होतो, मोबदल्यात आमचाही वाटा आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, वाटेकरी असल्याचा पुरावा नाही. मग घरांवर तरी कसला हक्क? पावसाळ्याआधी घरं रिकामी करा.

फहमिदा तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरली. उदयसिंह सर पेढ्यांचा बॉक्स उघडूनच बसले होते.

‘या, या. आज तुमचा दिवस आहे. तोंड गोड करा.’

‘सर, तो फ्लेक्स उतरवा.’

‘का हो? फोटो आवडला नाही?’

‘ते माझं मत नाही. मी ते खोडायला लिहिलंय. तुम्ही लेख वाचलात का?’

उदयसिंहांनी लेख वाचला नव्हता. त्या कॉलेजात लेख कुणी वाचत नसे, लेख मोजले जात. मूल्यांकन समिती येणार असली की स्टाफरूममध्ये कणसं खुडावीत तसे लेख खुडले जायचे. एकाच लेखाला तीन शीर्षकं लावून तीन परिषदांना पाठवणारे महाभाग तिथे होते, आणि ते फहमिदाला ‘तुम्ही फार वेळ लावता मॅडम’ असं वर तोंड करून सांगायचे. ती एकाच लेखावर वर्षं घालवायची. त्याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

‘हे बघा, मॅडम,’ उदयसिंह म्हणाले, ‘कोर्टाने आपला लेख उद्धृत केला. मोठ्या विद्यापीठांतल्या लोकांना जन्मभर हे मिळत नाही. कुठलं वाक्य घेतलं ते समिती बघणार नाही. उल्लेख झाला की नाही, एवढंच बघणार.’

‘त्या वाक्यावर लोकांची घरं जातायत.’

‘घरं निकालाने जातायत. तुम्ही कशाला अंगाला लावून घेता?’

‘मी जाहीर खुलासा करणार आहे. कोर्टाने माझा लेख उलटा वाचला म्हणून.’

उदयसिंहांनी पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लावलं. ‘म्हणजे न्यायाधीशांना वाचता येत नाही, असं आमच्या लेटरहेडवरून सांगणार? तुमच्या बढतीची फाइल माझ्या टेबलावर आहे. शनिवारी सत्कार ठेवलाय, पाहुणे ठरलेत, संध्याकाळी नेऱ्याला माझ्या फार्महाउसवर जेवण आहे. तोवर डोकं थंड करा.’

ती बाहेर पडली. थांबली असती तर पेढे त्यांच्या अंगावर गेले असते. घरी गेली तर तिथे तिसरीच तऱ्हा. अब्बांनी, अब्दुल्ला मुकादमांनी, गल्लीभर मिठाई वाटली होती. ‘कोर्टाने तुझं नाव घेतलं, बेटा. आपल्या खानदानात कोर्टाने आजवर नाव घेतलं ते फक्त समन्समध्ये,’ ते कौतुकाने म्हणाले. फहमिदाने पर्स उचलली आणि आल्या पावली परत निघाली.

मितेश तिचा जुना विद्यार्थी. मालूची केस तोच लढवत होता. कोर्टामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर त्याचं एवढंसं ऑफिस होतं, आणि फहमिदा तिथे जाऊन अर्धा तास नुसती बरसली. समोरच्या वकिलाला लबाड म्हणाली, न्यायाधीशांना आळशी म्हणाली, पान उलटायचे कष्ट घेतले असते तर हात झडले असते का, असंही म्हणाली.

‘मॅडम, त्यांनी तुमची ती पानं हायलाइट करून दिली होती,’ शेवटी तो म्हणाला. ‘मीही दिली होती. त्याच्या पुढची.’

‘मग?’

‘मग काही नाही. पुढच्या पानांत मला वाचून दाखवण्यासारखं फार मिळालं नाही.’ तो चाचरला. ‘अपील करायचंच आहे. पण तुम्ही एकदा मालूताईंना भेटून या. तुमचा फ्लेक्स त्यांच्या मुलीने फोनवर दाखवलाय त्यांना.’

मालूकडे जाताना रिक्षात तिचा राग जराही उतरला नव्हता. उलट, मालूसमोर तो बोलून दाखवता येईल म्हणून तिला बरंच वाटत होतं. आपण दोघी एकाच बाजूच्या, दोघींवर एकाच निकालाने अन्याय केला, असं ती मनात घोळवत होती. मिठागराच्या कोरड्या वाफ्यांमध्ये प्रकल्पवाल्यांचे लोखंडी खांब उभे होते. मालू ओट्यावर सुपात जवळा निवडत होती. लेखासाठी ती इथे यायची तेव्हा हीच मालू तिला बघून ‘ये बाय’ म्हणत पाट पुढे सरकवायची. आज तिने मान वर केली आणि पुन्हा सुपात घातली.

‘मालूताई, तो फ्लेक्स मी नाही लावला.’

‘फोटो तुजाच हाय.’

‘हो, पण मला न विचारता...’

‘आन्‌ लिवलंय कोनी?’

‘मीच.’ फहमिदा ओट्याच्या कडेला टेकली. ‘पण ते तसं नाही. आमच्यात आधी समोरच्याची बाजू लिहायची असते. नीट, सगळी. मग आपली बाजू लिहून ती खोडायची. कोर्टाने पहिली तेवढी वाचली.’

मालूने थोडा विचार केला. बाजारात मासळी विकणारी बाई ती, आधी समोरच्याला बोलू द्यावं ही गोष्ट तिला काही परकी नव्हती.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मंग आमची बाजू वाच.’

लेखाची प्रत पर्समध्ये होतीच. फहमिदाने पानं उलटली. मालकाची बाजू संपता संपेना. जुने निवाडे, मीठ ही शेती की उद्योग यावरची चर्चा, एकाहून एक घोटीव वाक्यं. मग ‘प्रत्युत्तर’ हा मथळा आला. तिने मराठीत सांगायला सुरुवात केली. ‘तथापि, स्थानिक प्रथा लक्षात घेता हे चित्र अधिक गुंतागुंतीचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. या दिशेने अधिक संशोधन होणे गरजेचे आहे.’

मालू पुढच्या वाक्याची वाट बघत होती. पुढे समारोप होता, आणि त्यात आभार.

‘ही आमची बाजू?’

फहमिदाने पान मागे उलटून पुन्हा पाहिलं. ती स्वतः लिहिलेलं विसरली होती असं नाही. पण इतके दिवस ती लेखाबद्दल बोलत होती ते मनातल्या लेखाबद्दल, आणि हातात होता तो छापलेला.

‘सासूबाय बोलली ते कुठं हाय?’ मालूने विचारलं. ‘तीन दुपारा बसलीवती ती तुझ्यासंगती. खोकल्यानं जीव चाललावता तरी बोलत होती.’

हौसा, मालूची सासू. ती होती एका तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ‘एका वृद्ध मीठ-कामगार स्त्रीची मुलाखत. ध्वनिमुद्रण लेखिकेकडे उपलब्ध.’

‘म्हंजे?’

‘म्हणजे त्या जे बोलल्या ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.’

मालूने सूप खाली ठेवलं. ‘तुझ्याकडं हाय?’

‘हो.’

‘सासूबाय मरून दोन पावसाले झाले. कोर्टात तो काला कोटवाला मना विचारतंय, पुरावा काय, पुरावा काय. मी बोलले, सासूबाय सांगायची. तो बोलला, मंग बोलवा सासूबायला. सगली हसली. मी तितं उभी रायले पिंजऱ्यात, आन्‌ लोकं हसली.’ तिचा आवाज चढला नाही. ‘आन्‌ ती तुझ्याकडं हाय? मंग कोर्टाकडं का नव्हती?’

फहमिदाने लेखाची पानं घडी करून पर्समध्ये ठेवली.

‘जा आता,’ मालू म्हणाली. ‘मना काम हाय.’

घरी येऊन तिने दार लावलं आणि जुन्या लॅपटॉपमध्ये ती फाइल शोधली. मगरिबची नमाज आटोपून अब्बा जेवायला हाका मारत होते, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. हौसाचा आवाज कानात शिरला, खोकल्यासकट. ‘पयली रास पडली का मालकाचा बाप सोता यायचा. चपला काढून बांधावर यायचा. राशीच्या मधी फावडं उभं करायचा. एक अंग तुमचं, एक अंग आमचं. असं बोलूनच रास फोडायची, त्याबिगर फोडायची नाय. मजुरी कोन देतंय आमाला? मजुरी आली ती मागनं, ट्रक आलं तवा.’ आणि त्याच्या मागोमाग फहमिदाचा स्वतःचा आवाज, गोड आणि उत्साही: ‘हे फार महत्त्वाचं सांगितलंत, आजी.’

तिला त्या आवाजाच्या मुस्काटात मारावंसं वाटलं.

सगळं आठवत होतं. न आठवायला काय झालं? लेख पहिल्यांदा पाठवला तेव्हा त्यात हौसा पानभर होती. परीक्षकाचा शेरा आला: ‘लेखिका एका बाजूला झुकलेली वाटते. विरोधी युक्तिवाद अधिक सशक्त करावा.’ फहमिदाने अख्खी उन्हाळ्याची सुट्टी तो सशक्त करण्यात घालवली. त्यात तिला मजा आली होती, हे तिला आता कबूल करावं लागलं. मालकाच्या बाजूने जुने निवाडे होते, इंग्रजी होतं, वाक्यं आपोआप चढत जात होती. हौसाच्या बाजूने फक्त हौसा होती. मग संपादकाचा मेल आला, शब्दमर्यादा ओलांडली आहे, कापा. निवाडे कापले तर लेख लेचापेचा दिसला असता. म्हातारी कापली तर कुणाच्याच लक्षात आलं नसतं. तिने एका दुपारी म्हातारी कापली आणि लेख छापून आला तेव्हा बिर्याणी मागवली.

याहून वाईट गोष्ट पुढेच होती. फहमिदा पुराव्याचा कायदा शिकवायची. मेलेल्या माणसाने एखाद्या प्रथेबद्दल, वाद उभा राहण्याआधी, जे सांगून ठेवलं ते कोर्टात चालतं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि उदाहरण म्हणून गावच्या पाणवठ्याची कुठलीतरी बनावट गोष्ट सांगायची. हौसा बोलली तेव्हा प्रकल्पाचं नावही कुणी घेतलं नव्हतं. आणि खटला चालू असताना मितेशचा फोन आला होता. ‘मॅडम, तुम्ही तिकडे काम केलंयत, तुमच्याकडे काही आहे का?’ तिने त्याला लेखाची पीडीएफ पाठवली होती. वर लिहिलं होतं, ‘यात सगळं आहे.’

न्यायाधीशांनी काही उलटं वाचलं नव्हतं. जे भक्कम होतं ते त्यांनी उचललं. राग धरायला तिला आता कुणीच उरलं नव्हतं आणि राग तर मावत नव्हता. जेवायला हाक मारायला आलेल्या अब्बांवर ती विनाकारण खेकसली. मग त्यांना तिने सगळं सांगितलं. अब्बा दाढीवरून हात फिरवत ऐकत होते.

‘अमानत होती ती तुझ्याकडे,’ एवढंच ते म्हणाले, आणि उठून गेले.

शनिवारी, सत्काराच्या वेळेला, ती मितेशच्या ऑफिसात होती. मालूही आली होती, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर आवळून बसली होती. अपिलात नवा पुरावा सहजी घेत नाहीत. तो आधी का आला नाही, हे शपथेवर सांगावं लागतं. मितेशने फहमिदाच्या नावाचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. शेवटी वाक्य होतं, ‘सदर ध्वनिमुद्रण अनवधानाने न्यायालयासमोर आणावयाचे राहून गेले.’

‘त्ये काय?’ मालूने विचारलं.

‘नजरचुकीने राहिलं, असं लिहिलंय.’

‘नजरचूक कुठली? तिला म्हाईत होतं.’

‘मालूताई, मॅडम स्वतःहून आल्यात,’ मितेश वैतागून म्हणाला. ‘कुणी सांगितलं होतं त्यांना यायला? असंच लिहितात.’

‘काढ ते वाक्य,’ फहमिदा म्हणाली.

‘मॅडम...’

‘काढ. मी सांगते ते टाइप कर. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते. त्याचे महत्त्व मला माहीत होते. लेखाच्या शब्दमर्यादेत बसावे म्हणून मी त्यातला मजकूर वगळला. वादींच्या वकिलांनी विचारणा केली तेव्हा मी ध्वनिमुद्रणाऐवजी माझा लेख दिला. तो लेख अपुरा आहे आणि त्यावर कुणीही विसंबू नये.’

मितेशने कीबोर्डवरचे हात उचलले. ‘समोरचा वकील तुम्हाला सोलून काढेल. लेखातली मालकाच्या बाजूची सगळी पानं एकेक वाक्य करून तुमच्याकडून वदवून घेईल. कॉलेजात तुमचं काय होईल याचा विचार केलात?’

‘टाइप कर, मितेश.’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. उदयसिंह होते. मागे माइक तपासल्याचा आवाज येत होता. ‘कुठे आहात, मॅडम? पाहुणे बसलेत. तुमच्यासाठी शाल आणलीय, पुणेरी पगडी आणलीय.’

‘मी कोर्टाला लिहून देतेय, सर. माझा लेख अपुरा आहे म्हणून.’

उदयसिंह माइकपासून बाजूला गेले. मग अगदी हळू म्हणाले, ‘तसं केलंत तर सोमवारी फाइल परत जाईल. आणि पुन्हा वर येणार नाही, एवढं मी बघेन.’

‘बघा,’ ती म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. पहिल्यांदाच तिचा राग तिला धड वाटला.

प्रिंट निघेपर्यंत ती मालूकडे वळली. गेले दोन दिवस तिने मनात जे जुळवलं होतं ते आता बोलायचंच, असं तिने ठरवलं. ‘मालूताई, मी नवा लेख लिहिणार आहे. त्यात सासूबाईंचं सगळं येईल, शब्दन्‌शब्द. त्याच नियतकालिकात छापायला लावीन, भांडून. तुमची बाजू मी अशी मांडेन की...’

‘नको,’ मालू म्हणाली.

‘पण ऐका तरी.’

‘लिवू नको, बाय. मना ती टेप दे. कोर्टाची कोर्टाला दे, आन्‌ एक मना दे. पोरं ऐकतील घरात. तू आता आमच्यावर काय लिवू नको.’

फहमिदाने पर्समधून दोन पेन ड्राइव्ह काढले. एक मितेशच्या टेबलावर ठेवला. दुसरा मालूने घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि कनवटीला खोवला.

कागद आला. फहमिदाने तो पुन्हा वाचला, खाली सही केली आणि तारीख घातली. मितेशने खाली चहावाल्याला हाक मारून तीन चहा सांगितले. चहा आला तेव्हा मालू जिना उतरून एसटी स्टँडकडे निघून गेली होती.